तीन सर्व्हरवरचं पोस्टजीआयएस, आठ महिन्यांनंतर

आमच्याकडे रस्ते एका सर्व्हरवर, प्लॉटच्या हद्दी दुसऱ्यावर, पाइपलाइन तिसऱ्यावर, सगळीकडे पोस्टजीआयएस (पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये नकाशाचा डेटा ठेवू देणारं एक्स्टेन्शन) आणि पोस्टग्रेस एफडीडब्ल्यूने फॉरेन टेबल करून, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवरची टेबल इथल्यासारखी वापरता येतील अशी, जोडलेलं. आठ महिन्यांत बंद असं कधी पडलं नाही. पण टेबल जोडली म्हणजे नकाशेही एकावर एक बसतील असं वाटत असेल तर विसरा.

पहिल्याच आठवड्यात एका प्लॉटमधले व्हॉल्व्ह मागितले तर एक गायब. डेटात होता, फक्त हद्दीच्या दोनेक मीटर बाहेर पडला होता, कारण हद्दी जुन्या कागदी नकाशावरून डिजिटाइज केलेल्या आणि व्हॉल्व्ह जीपीएसने घेतलेले. दोन आकार एकमेकांना टेकतात का ते सांगणाऱ्या एसटी_इंटरसेक्ट्सला दयामाया नाही, टेकलं तर हो नाहीतर नाही. मग मी शहाणपणा करून सगळीकडे एसटी_डीविदिन (दिलेल्या अंतराच्या आत आहे का ते बघणारं फंक्शन) 10 मीटर लावलं, तर शेजाऱ्याचे व्हॉल्व्हपण आत!

आता प्रत्येक लेयरची अचूकता वेगळ्या कॉलममध्ये ठेवतो आणि दोन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ घेतो, म्हणजे हद्द 4 मीटर आणि पॉइंट 3 मीटर असेल तर टॉलरन्स, म्हणजे चालवून घ्यायचं अंतर, 5 मीटर. त्या पट्ट्यात जे सापडेल त्याला हो-नाही न म्हणता "तपासा" असा शेरा जातो. ऑफिसात आधी कुरकुर झाली, पण खोटं "हो" देण्यापेक्षा हे बरं.

हे गणित चुका इकडेतिकडे विखुरलेल्या असतील तरच चालतं हां. आमचा रस्त्यांचा अख्खा लेयर एकाच दिशेला सरकलेला होता, तिथे टॉलरन्स वाढवून काय होणार, कुणीतरी एका निर्देशांक पद्धतीतून दुसरीत आकडे बदलून देणाऱ्या एसटी_ट्रान्सफॉर्मऐवजी एसटी_सेटएसआरआयडी मारलं होतं, त्याने नुसतं पद्धतीचं लेबल बदलतं, आकडे तेच राहतात. आणि 4326 (अक्षांश-रेखांश अंशांत ठेवणारी पद्धत) मधल्या जिऑमेट्रीवर डीविदिनला 5 दिलंत तर ते 5 अंश धरतं, एक अंश अक्षांश म्हणजे साधारण 111 किलोमीटर, बघा कुठे जाल.

स्पीडने मात्र दोन महिने छळलं. फॉरेन सर्व्हरच्या एक्स्टेन्शन्स ऑप्शनमध्ये पोस्टजीआयएस लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे क्वेरीतली अट पलीकडच्या सर्व्हरवर जायचीच नाही, पूर्ण टेबल इकडे ओढून मग चाळायचं. ते लिहिल्यावर पलीकडचा जिस्ट इंडेक्स (जागेनुसार पटकन शोधायची सूची) वापरला जायला लागला. फक्त दोन्हीकडे व्हर्जन सारखं ठेवा.

एसटी_स्नॅपने पॉइंट हद्दीला चिकटवूनही पाहिले, नकाशा देखणा दिसतो पण मोजलेली जागा हरवते. आता स्नॅप फक्त दाखवायच्या व्ह्यूमध्ये, मूळ टेबलला हात नाही.