टेपइन्फो: छोटं, फुकट, पण एकदाच खरं बोलणारं

लिनक्सवर एलटीओ ड्राइव्हची (बॅकअपच्या टेप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या यंत्राची) तब्येत पाहायला एमटीएक्स पॅकेजमधली टेपइन्फो ही कमांड पुरेशी आहे. एसटी (टेपचं नेहमीचं डिव्हाइस) नव्हे, एसजी (थेट स्कझी आज्ञा पाठवायचं) डिव्हाइसचं नाव द्यायचं. मग ते ड्राइव्हचं लॉग पेज २ई (ड्राइव्हमधल्या नोंदींचं एक पान) वाचून टेपअलर्टच्या, म्हणजे ड्राइव्ह स्वतः देतो त्या इशाऱ्यांच्या, ६४ फ्लॅगपैकी जे लागलेत ते क्रमांक आणि अर्थासकट छापतं.

गोम इथेच आहे. हे पेज वाचलं की वाचणाऱ्या होस्टपुरते (त्या सर्व्हरपुरते) फ्लॅग साधारणतः पुसले जातात. दुसऱ्यांदा चालवलं की सगळं आलबेल दिसतं, बिघाड मात्र तसाच. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीत) दर पाच मिनिटांनी टेपइन्फो लावलात, तर त्याच सर्व्हरवरच्या बॅकअप सॉफ्टवेअरच्या हाती काहीच उरत नाही. एकालाच वाचू द्या आणि आउटपुट फाइलमध्ये साठवा. बाक्युला या बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये ते अलर्ट कमांड म्हणून लावता येतं, तीच योग्य जागा.

आता फ्लॅगचे क्रमांक. २० म्हणजे आत्ता साफ करा. फ्लॅग गेला म्हणून हेड साफ झालं असं नाही. क्लीनिंग कार्ट्रिज घालावीच लागते. ती साधारण ५० वेळा चालते, संपल्यावर २२ लागतो. ३० आला तर टेप काढून ड्राइव्ह रीसेट करा. ३१ ला वीज बंद-चालू करा. तरीही परतला तर सरळ सर्व्हिसवाल्याला बोलवा. ४ दिसला की आधी टेपवर संशय घ्या: डेटा दुसरीकडे उतरवून ती बाद करा.

इतिहास साठवत नाही, ही मोठी उणीव. तरी पाचात चार तारे.