प्रवाह की एकेक गाडी? वाहतूक संशोधनातली दोन प्रतिमानं

वाहतुकीचं गणित मांडताना एक वाट स्थूल प्रतिमानाची, म्हणजे एकेक गाडी न बघता सगळी वाहतूक एकत्र मांडणाऱ्या मॉडेलची. लाइटहिल आणि व्हिटम यांनी १९५५ मध्ये, तर रिचर्ड्स यांनी स्वतंत्रपणे १९५६ मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांना द्रवाच्या प्रवाहासारखं मानलं. घनता, वेग आणि प्रवाह, एवढ्याच राशी. कोंडीची लाट मागे कशी सरकते हे त्यातून स्वच्छ कळतं आणि लांबलचक महामार्गाची आकडेमोडही झटपट होते.

सूक्ष्म प्रतिमानात प्रत्येक चालक वेगळा. ट्रायबर, हेनेके आणि हेल्बिंग यांचं २००० सालचं प्रतिमान स्वतःचा वेग, पुढच्या गाडीचं अंतर आणि वेगांतला फरक यांवरून त्वरण ठरवतं. संगणकावर वाहतुकीची नक्कल करणाऱ्या सुमो या मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरमध्ये ते वापरता येतं. चौकातला सिग्नल किंवा स्वयंचलित गाड्यांची सरमिसळ तपासायची तर हीच वाट धरावी. खरी अडचण कॅलिब्रेशनची, म्हणजे प्रतिमान प्रत्यक्ष नोंदींशी जुळवून घेण्याची. प्राचल, म्हणजे प्रतिमानातले बदलता येणारे आकडे, इतके असतात की ते फिरवून एका दिवसाची आकडेवारी हुबेहूब जुळवता येते. दुसऱ्या दिवसाच्या नोंदींवर तपासल्याशिवाय त्या जुळण्यावर विश्वास ठेवू नये. देखणं अ‍ॅनिमेशन हा पुरावा नव्हे, हे नव्या संशोधकांना कळकळीने सांगावंसं वाटतं.

महामार्गावरची बदलती वेगमर्यादा अभ्यासायची असेल, तर मी सुरुवात स्थूल प्रतिमानानेच करेन.