रिकामे घर धुऊन काढायचे: एजन्सी, रोजाची माणसे की घरचीच मंडळी?

घर रिकामे झाले, रंगाचे काम संपले आणि आठ-दहा दिवसांत भाडेकरू किंवा आपलीच मंडळी राहायला येणार, अशा वेळी कोल्हापुरात बहुतेकांपुढे तीन वाटा असतात. घरच्यांनी पदर खोचून कामाला लागायचे, ओळखीच्या दोन बायका आणि एक गडी रोजाने लावायचे, किंवा ‘डीप क्लीनिंग’ करणाऱ्या एजन्सीला फोन करायचा. यांतले स्वस्त काय, हे सगळे आधी विचारतात. माझ्या मते त्याआधी घरात घाण कोणत्या प्रकारची आहे हे पाहावे, कारण तेवढे कळले की निम्मा निर्णय आपोआप होतो.

गेल्या काही वर्षांत तीन घरे राहण्याजोगी करून घेण्याची जबाबदारी माझ्यावर आली आणि तिन्ही वेळा वाट वेगळी होती. साने गुरुजी वसाहतीतला भाड्याने द्यायचा फ्लॅट एजन्सीकडून धुऊन घेतला, शिवाजी पेठेतले सासरचे जुने घर रोजाच्या माणसांकडून, आणि 2019 च्या महापुरात पाणी शिरलेले शाहूपुरीच्या कुंभार गल्लीजवळचे नातेवाइकांचे घर आम्हीच सगळ्यांनी मिळून उपसले. पुढची तुलना या तीन कामांवर आधारलेली आहे.

नव्या इमारतीतली घाण म्हणजे सिमेंटचा पातळ थर, रंगाचे शिंतोडे आणि पीओपीची पांढरी धूळ. राहत्या घरातून भाडेकरू गेल्यावर मागे उरते ती स्वयंपाकघरातली तेलकट चिकट काजळी आणि बाथरूममधले क्षारांचे पांढरे डाग. दोन-तीन वर्षे बंद असलेल्या घरात कोळिष्टके, कबुतरांची विष्ठा आणि पावसाळ्यात भिंतींवर चढलेली बुरशी सापडते. पुराचा गाळ हा चौथा प्रकार. त्याचा हिशेबच वेगळा. या चारही प्रकारांना एकच माणूस, एकच द्रावण आणि एकच दर लावायचा म्हटले की फसगत होते.

एजन्सी

एजन्सीच्या दरपत्रकात सोफा, गाद्या, गालिचे आणि पडदे यांची सफाई ठळक अक्षरांत असते. रिकाम्या घरात यातले काहीच नसते, त्यामुळे तिच्या यंत्रसामग्रीचा मोठा भाग आपल्या कामाचा नसतो. उरते ते फरशी घासणारे गोल ब्रशचे यंत्र, ओले-सुके दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम, दाबाने पाणी मारणारा जेट, उंच शिडी आणि रोज हेच काम करून सरावलेले हात. नव्या बांधकामाच्या घरात यांना तोड नाही. पीओपीची धूळ झाडूने झाडली की हवेत जाते आणि दोन तासांनी पुन्हा फरशीवर उतरते. हे झाडणे म्हणजे धुळीला घरातल्या घरात फिरवून आणणे होय, तर व्हॅक्यूम तिला पिशवीत बंद करतो. व्हिट्रिफाइड टाइलवरचा सिमेंटचा थरही यंत्राने तासाभरात जातो, तिथे हाताने घासणाऱ्याचा सबंध दिवस जाऊन वर चट्टे राहतात.

आमच्या फ्लॅटवर चार मुले सकाळी नऊला आली आणि संध्याकाळी सहाला गेली. फरशी आणि बाथरूम उत्तम झाले होते. स्वयंपाकघरातल्या चिमणीची जाळी मात्र काळी पडली होती. ती ॲल्युमिनियमची होती आणि मुलांनी ती कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात बुडवून ठेवली. कॉस्टिक तेल सोडवते हे खरे, पण ॲल्युमिनियमलाही खाते. स्टीलची जाळी असती तर काही झाले नसते. ॲल्युमिनियमला गरम पाणी आणि भांड्यांचा साबण पुरतो, वेळ तेवढा जास्त लागतो. तेव्हापासून स्वयंपाकघरात कोणते द्रावण वापरणार हे मी कामाआधी विचारते, आणि उत्तर ‘आमचे स्पेशल केमिकल आहे’ एवढेच आले तर डबा बघायला मागते.

दुसरी उणीव सरकत्या खिडक्यांची. वरची काच लख्ख होती, खालच्या खाचेत मात्र कित्येक वर्षांची धूळ पावसाच्या पाण्याने बसून तिची काळी वडी झालेली तशीच होती. या खाचेला बाहेरच्या अंगाला पाणी जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती बुजली की कोल्हापूरच्या जुलैमधला पाऊस खाच भरून थेट खोलीत उतरतो आणि आपण उगाच खिडकीवाल्याला बोल लावतो. त्या भोकांपर्यंत कोणतेही यंत्र जात नाही. जुना दात घासायचा ब्रश, स्क्रू-ड्रायव्हरला गुंडाळलेले फडके आणि एका खिडकीला वीस मिनिटे, हाच त्यावर उपाय आहे. तासाला बांधलेल्या मुलांना ती वीस मिनिटे परवडत नाहीत.

दर ठरवताना चटई क्षेत्रावर (भिंती सोडून आतली जागा) की बिल्ट-अपवर (भिंती धरून), बाल्कनी, माळा आणि पंखे धरून की सोडून, हे लिहून घ्यावे. नोंदणीकृत एजन्सीच्या बिलावर 18 टक्के जीएसटी लागतो, त्यामुळे फोनवर सांगितलेल्या आकड्यात तो आहे का हेही विचारावे. पाणी आणि वीज आपणच द्यायची असते. हे क्षुल्लक वाटते, पण रिकाम्या घराचे वीज कनेक्शन तात्पुरते बंद असेल किंवा टाकी भरलेली नसेल, तर माणसे आणि यंत्रे दारात बसून राहतात आणि दिवसाचे पैसे द्यावेच लागतात. पेठांत नळाला पाणी ठरावीक वेळीच येते, तिथे आदल्या दिवशी टाकी भरून ठेवणे ओघानेच आले.

रोजाची माणसे

शिवाजी पेठेतल्या घरात शहाबादी फरशी, लाकडी खिडक्या, पोटमाळा आणि मागच्या अंगाला ओल धरणारी भिंत असा सगळा जुना थाट. तिथे यंत्राला जागाच नव्हती. दोन बायका आणि एक गडी दोन दिवस आले, म्हणजे सहा रोज झाले. त्यात सकाळचा नाष्टा, दोन वेळचा चहा आणि साहित्य मिळवले तरी त्या फ्लॅटसाठी एजन्सीला दिले होते त्याच्या निम्म्याच्या आसपास खर्च आला. माळ्यावरची जळमटे, खिडक्यांचे गज, कोनाडे, दाराच्या चौकटीवरचे नक्षीकाम, अशी हाताने आणि डोळ्याने करायची कामे त्यांनी एजन्सीच्या मुलांपेक्षा कितीतरी चांगली केली.

फरशीने मात्र धडा दिला. मोरीजवळचा एक काळपट पट्टा घासून जात नव्हता. गड्याने बाटली काढली. मी नको म्हणाले, तर त्याचे उत्तर तयार होते, “ॲसिड मारल्याबिगर ही घाण निघंत न्हाई, वैनी.” मी क्षणभर दाराशी कोणी आले म्हणून वळले आणि तेवढ्यात फरशीवर फेस उठला होता. शहाबाद आणि कोटा हे चुनखडीचे दगड आहेत, संगमरवरही त्याच जातीचा. ॲसिड पडले की दगडच विरघळू लागतो आणि तो फेस घाणीचा नसून दगडाचा असतो. काळा पट्टा गेला, त्या जागी खरखरीत पांढुरका पट्टा आला आणि तो आजही तिथे आहे. मोझॅकच्या फरशीतल्या सिमेंटचेही हेच होते. व्हिट्रिफाइड टाइल ॲसिड सोसते, पण दोन टाइलांमधल्या सांध्यांतले सिमेंट सोसत नाही, आणि बंद बाथरूममध्ये ॲसिडच्या वाफांनी स्टीलच्या कड्या-बिजागऱ्या महिन्याभरात गंजतात.

उपनगरांतल्या अनेक इमारतींत वापराला बोअरचे पाणी असते, त्यामुळे नळ आणि टाइलांवर क्षार साचतात. तिथेही बाटलीतल्या ॲसिडऐवजी लिंबूसत्त्व गरम पाण्यात विरघळवून त्यात भिजवलेले फडके अर्धा तास नळाला गुंडाळून ठेवावे; क्षार मऊ पडून पुसला जातो आणि नळाची चकाकी राहते. संगमरवरावर मात्र लिंबूसत्त्वही नको, कारण तेही ॲसिडच आहे. आणखी एक गोष्ट माणसे कोणतीही असोत, स्वतः उभे राहून पाहावी: ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकाच मोरीत एकापाठोपाठ पडता कामा नये, कारण दोन्ही एकत्र आले की क्लोरिन वायू सुटतो आणि तो छातीत बसतो.

तर रोजाच्या माणसांच्या कामात आपण पूर्ण वेळ हजर राहणे हा खर्चाचाच भाग आहे. दोन दिवसांची रजा टाकावी लागत असेल, तर तिची किंमत सहा रोजांत मिळवावी आणि मग एजन्सीच्या आकड्याशी ताडून पाहावी. फरक पुष्कळदा वाटतो त्यापेक्षा कमी निघतो.

माणसे मिळण्याचाही हंगाम असतो. पावसाळा धरला आणि भाताची रोप लावण, भांगलण सुरू झाली की आसपासच्या गावांतून शहरात येणाऱ्या बायका कमी होतात. पितृपंधरवड्यात कोणी नव्या घरात राहायला जात नाही, म्हणून त्या वेळी सगळेच मोकळे सापडतील असा माझा समज होता. तो साफ चुकला, कारण नवरात्राआधी घर काढण्याचा तोच पंधरवडा. घरोघरी वाकळा आणि भांडी धुवायला निघालेली असताना रिकाम्या घरासाठी माणूस मागणे म्हणजे लग्नसराईत मंडपवाल्याला फोन करण्यासारखे होते.

घरचीच मंडळी

घरच्यांनी सगळे करणे हा पर्याय मी सरसकट सुचवणार नाही. दोन बेडरूमच्या फ्लॅटला नोकरी सांभाळून दोघांचे चार-पाच दिवस सहज जातात आणि शेवटच्या दिवशी कंटाळ्याने नेमके बाथरूम राहते. पण पुराच्या गाळाच्या बाबतीत दुसरी वाट उरतच नाही. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची धोका पातळी 43 फूट आहे. 2019 आणि 2021 मध्ये नदी तिच्या कितीतरी वर गेली, आणि पाणी ओसरल्यावर साऱ्या भागाला एकाच वेळी माणसे हवी होती. गाळ ओला असतानाच खोऱ्याने ओढून बाहेर काढावा लागतो, वाळला की तो कोपऱ्यांत आणि फटींत दगडासारखा बसतो. वाट पाहण्यात जो दिवस जातो, तो पुढे दोन दिवसांचे काम वाढवतो. आम्ही मेन स्विच बंद असल्याची खात्री करून आधी गाळ काढला, मग भिंती वरून खाली धुतल्या आणि शेवटी ब्लीचिंग पावडरचे पाणी मारले. रंग मात्र कित्येक महिने लावला नाही, कारण विटांत मुरलेले पाणी घाईने रंगाखाली कोंडले की पोपडे धरतात.

बंद घरातली बुरशी घरच्यांनी काढायला हरकत नाही, पण कोरड्या ब्रशने घासू नये. आधी पाणी फवारून मग पुसावी, म्हणजे तिचे कण श्वासात जात नाहीत. कबुतरांच्या विष्ठेलाही हाच नियम, वर नाकावर मास्क हवाच. आणि बाहेरून पाणी झिरपत असेल तर बुरशी कोणीही काढली, कितीही पैसे घेऊन काढली, तरी पुढच्या श्रावणात ती परत येणार. तिथे साफसफाईवाला नको, गवंडी बोलवावा.

टाकी कोणाच्याच यादीत नसते. एजन्सी ती वेगळी धरते, रोजाची माणसे विसरतात. आतून घासून भरल्यावर हजार लिटरला साधारण दीडशे ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून, वरचे निवळ तेवढे टाकीत ओतावे, सगळ्या नळांतून थोडे वाहू द्यावे आणि किमान चार तासांनी ते सगळे पाणी सोडून द्यावे. मैल्याच्या टाकीत मात्र कोणालाही उतरवू नये. 2013 च्या कायद्याने त्यावर बंदी आहे आणि कायदा नसता तरी ते जिवावरचे काम आहे. ती यंत्राच्या गाडीनेच उपसून घ्यावी.

मग कोणी काय निवडावे?

नवा फ्लॅट ताब्यात घेत असाल तर एजन्सी घ्या आणि खिडक्यांच्या खाचा, कपाटांचे आतले कप्पे स्वतः करा. जुने पेठेतले घर, दगडी फरशी आणि लाकूडकाम असेल तर ओळखीची रोजाची माणसे लावा, ॲसिड घरात येऊ देऊ नका आणि समोर थांबा. थांबणे शक्यच नसेल, पुण्या-मुंबईहून फोनवर काम करून घ्यायचे असेल, तर थोडे जास्त देऊन एजन्सीच बरी, कारण तिथे निदान बिल आणि जाब विचारायला एक माणूस असतो. भाड्याच्या फ्लॅटसाठी मी हल्ली मिश्र वाट धरते. बाथरूम, ओटा आणि फरशी एवढीच कामे एजन्सीला देते, बाकी घर नेहमीच्या मावशींकडून एका दिवसात करून घेते. पूर्ण घराचा दर सांगणाऱ्या एजन्स्या आधी नाही म्हणतात, मग अर्ध्या दिवसाचे काम म्हणून घेतात.

भाड्याने द्यायचे असेल तर धुतलेल्या घराची छायाचित्रे त्याच दिवशी काढून भाडेकरूला पाठवावीत आणि घर सोडताना सफाईचा खर्च कोणाचा, हे लिव्ह अँड लायसन्स करारात एका ओळीत घालावे. करार नोंदवावाच लागतो, तर ही ओळ फुकटच पडते.

कोणाकडूनही करून घ्या, पण रंगारी, इलेक्ट्रिशियन आणि पडद्यांच्या दांड्यांसाठी भिंतीत भोके पाडणारा, ही सगळी माणसे गेल्यानंतरच. झुरळांची जेल मात्र सफाईनंतर लावावी, नाहीतर ती पहिल्याच पोच्यात निघून जाते. काम झाल्यावर पैसे देण्याआधी दिवे मालवून मोबाईलचा टॉर्च फरशीला लागून आडवा धरावा. वरून न दिसणारे रंगाचे शिंतोडे आणि पोच्याचे ओघळ त्या तिरप्या उजेडात लगेच दिसतात, आणि माणसे अजून दारात असतात तोवर ते पुन्हा पुसून घेता येतात.