पंचांग ॲप: आधी ‘अमान्त’ निवडा

तिथी-नक्षत्रं नेमकी, पण ॲप उघडताच महिना पौर्णिमान्त लावलेला. उत्तरेत पौर्णिमेनंतर महिना बदलतो, आपल्याकडे अमावास्येनंतर, म्हणजे ‘अमान्त’. म्हणून यात श्रावण पंधरा दिवस आधी लागतो आणि श्रावणी सोमवारांचा घोळ होतो. गोकुळाष्टमी मात्र दोन्हीकडे एकाच दिवशी: आपली श्रावण वद्य अष्टमी, त्यांची भाद्रपद कृष्ण अष्टमी. चंद्र तोच, मोजणारी नजर वेगळी! सेटिंगमध्ये ‘अमान्त’ निवडा, मग गाव भरा. ते चुकलं तर संकष्टीला फसाल. नागपूरला चंद्र मुंबईपेक्षा सुमारे २५ मिनिटं आधी उगवतो. परदेशात तर सूर्योदय बदलल्याने एकादशीही एखादा दिवस सरकू शकते. छापील दिनदर्शिकेत असं हवं ते गाव भरता येत नाही, म्हणून चार तारे. दोन्ही महिने शेजारी-शेजारी दाखवले, तर पाचवाही देऊ.