दार उघडं ठेवून बघायचा टीव्ही: ५५ इंच, सात महिने

आमच्या घराचं पुढचं दार सकाळी सहाला उघडतं ते रात्री जेवणं झाल्यावरच लागतं. येणारा-जाणारा डोकावतो, दूधवाला आत येऊन टेकतो, अंगणात ऊन पडलं की अख्खा हॉल पांढरा होतो. टीव्ही घेताना आम्ही इंच मोजले, पैसे मोजले, भिंत मोजली. या दाराचा विचार मात्र कुणी केला नाही, आणि सात महिन्यांतल्या निम्म्या कुरबुरी त्याच दारातून आत आल्या.

गाव सेलू, जिल्हा परभणी. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं, दोन मुलं. मी शाळेत शिकवते. जुना टीव्ही ३२ इंची, २०१३ सालचा, अजून चालू. कंपनीचं नाव लिहीत नाही. मॉडेल दरवर्षी बदलतात आणि मला जे सांगायचंय ते कुठल्याही कंपनीच्या टीव्हीला लागू आहे.

खरं तर दसऱ्याला घेणार होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला होता. पण त्याच महिन्यात मराठवाड्यात पावसानं काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. आमचंही सोयाबीन पाण्यात उभं होतं. मामा म्हणजे माझे सासरे एवढंच म्हणाले, "सोयाबीन सडायलंय अन् तुम्ही टीव्ही आणायलात?" विषय तिथंच संपला. दिवाळीत त्यांनीच परत काढला: "आणा आता. लेकरं शेजारी जाऊन बसतेत." पाडव्याला आणला. आधी ४९,९९० ला असलेला सेट ४६ हजारांच्या जवळपास पडला. दहा टक्के कर कमी म्हणून किंमत दहा टक्के कमी होत नाही. १२८ चे ११८ होतात, म्हणजे पावणेआठ टक्के. दुकानदाराशी घासाघीस करायला जाणाऱ्यांनी हे गणित घरूनच करून जावं.

आकाराचा वाद आमच्याकडे आठवडाभर चालला. थोरल्याला ६५ इंची हवा होता. शेवटी मी जुने पेपर चिकटवून भिंतीवर दोन चौकोन केले: ५५ चा १२२ बाय साडेअडुसष्ट सेंटीमीटर, ६५ चा १४४ बाय ८१. ऐकायला दहाच इंच वाढतात, पण काच चाळीस टक्क्यांनी मोठी होते, हे पेपर लावल्यावरच कळलं. बसायची जागा भिंतीपासून साडेसात फूट. फोर-केसाठी, म्हणजे खूप बारीक टिपक्यांच्या पडद्यासाठी, स्क्रीनच्या कर्णाच्या साधारण दीडपट अंतर बरं पडतं. ५५ ला ते सात फुटांच्या आत येतं, ६५ ला आठच्या वर जातं. पेपर दोन दिवस भिंतीवर राहिले. तिसऱ्या दिवशी थोरलाही गप्प झाला.

ओएलईडी बघितला. काळा रंग खरोखर काळा, बघतच राहावं असा. पण एक तर बजेटच्या बाहेर, दुसरं म्हणजे मामा दिवसातले पाच तास बातम्या लावतात. तोच लोगो, तीच खाली धावणारी पट्टी. ओएलईडीत प्रत्येक टिपका स्वतः उजळतो आणि वापरानं झिजतो, त्यामुळे एकाच जागी एकच चित्र महिनोन्‌महिने राहिलं तर त्याचा डाग बसू शकतो. आमच्याकडे ते होणारच होतं. म्हणून क्यूएलईडी. नावं सारखी वाटली तरी हा शेवटी एलसीडीच, मागून दिवे आणि मध्ये रंग सुधारणारा क्वांटम डॉटचा थर. दुकानातला मुलगा "ओएलईडीसारखाच आहे मॅडम" म्हणाला. नाही.

दुकानात सगळे टीव्ही एकाच रांगेत, सगळ्यांवर पोपट, फुलं आणि समुद्र. सगळे भडक मोडवर. मी म्हणलं, जरा केबल लावून दाखवा की, सह्याद्री लावा. तो हसला. दुकानात केबलच नव्हती. हा हट्ट मी सोडायला नको होता.

कारण घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळी आत्याबाईंनी म्हणजे सासूबाईंनी नेहमीचं चॅनल लावलं आणि सगळ्यांचे चेहरे पडले. माणसांची तोंडं मेणाची, अक्षरांच्या कडेनं मुंग्या. टीव्ही खराब नव्हता. साध्या एसडी चॅनलचं चित्र ७२० बाय ५७६ टिपक्यांचं, म्हणजे सव्वाचार लाखांच्याही आत. फोर-के पडद्यावर टिपके जवळजवळ ८३ लाख. एकेका टिपक्याचे वीस करायचे तर टीव्ही तरी काय करणार? मनानंच भरतो. ३२ इंचीवर हेच चित्र लहान जागेत लपून जायचं.

यावर उपाय केले ते असे. केबलवाल्याकडून एचडी बॉक्स घेतला. चित्राचा मोड भडकवरून सिनेमावर आणला. शार्पनेस पन्नासवरून पाचावर नेला. सगळ्यात जास्त फरक या शेवटच्यानं पडला आणि तो फुकटात होता. सिनेमा मोड पहिले दोन दिवस पिवळट वाटतो, मग डोळा बसतो. हालचाल गुळगुळीत करणारी सोय क्रिकेटला ठेवली, सिनेमाला बंद केली. ती चालू असली की लाखोंचा सिनेमासुद्धा दुपारच्या मालिकेसारखा दिसतो.

आता दार. टीव्ही आधी दाराच्या समोरच्या भिंतीवर लावला होता, कारण प्लग तिथं होता. सकाळी आठ ते अकरा पडद्यावर आमचा लिंब, दोन सायकली आणि गल्लीतून जाणारी माणसं दिसायची. रात्रीचा, काळोखाचा प्रसंग असेल तर फक्त लिंब. मामा बातम्या ऐकता ऐकता पडद्यातच बघून "कोण आलंय बघ गं" म्हणायचे. दुकानात डोक्यावर ट्यूबलाइट असतात, समोर ऊन नसतं. तिथं हे कळायची सोयच नाही. ब्राइटनेस शंभरवर नेऊन बघितला, पडदा लावून बघितला. पडदा लावला की आत्याबाईंचा जीव घुसमटतो. पंधराव्या दिवशी मिस्त्री बोलावून टीव्ही बाजूच्या भिंतीवर नेला, बोर्ड नवा काढला. खर्च अठराशे. तेव्हाच उंचीही कमी करून घेतली. बसवायला आलेल्या माणसानं तो देवाच्या फोटोसारखा वर टांगला होता. आता मध्यबिंदू जमिनीपासून बेचाळीस इंचांवर आहे, बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत.

ऊन गेलं, पण आत्याबाईंचा दिवाण दारापाशी, म्हणजे आता टीव्हीच्या अगदी तिरका. आमचं पॅनेल व्हीए जातीचं. समोरून काळा रंग छान, बाजूनं बघितलं की रंग धुतल्यासारखे. आयपीएस पॅनेल बाजूनं बरं दिसतं, पण अंधारात त्याचा काळा रंग राखाडी होतो. मला अपराधी वाटत होतं. त्या म्हणाल्या, "मला कीर्तन ऐकायचं असतंय, बघायचं कुठं असतंय."

ऐकायचंच अवघड होतं, हे मार्चमध्ये कूलर बाहेर काढल्यावर कळलं. टीव्हीला वीस वॅटचे स्पीकर आहेत, पण ते खाली तोंड करून. खिडकीतला लोखंडी कूलर सुरू झाला की संवाद त्यात वाहून जातात. आवाज चाळीसवर नेला तर संगीत अंगावर येतं, माणसं तरी पुटपुटतच राहतात. सेटिंगमध्ये आवाजाचा 'स्पष्ट संवाद' असा पर्याय आहे, त्यानं थोडं सावरलं. साउंडबार घ्यायची तयारी होती, पण माळ्यावर जुने स्पीकर पडून होते, लाल-पांढऱ्या पिनांचे. नव्या टीव्हीला त्या पिना नाहीत आणि हेडफोनचं भोकही नाही. फक्त ऑप्टिकल आणि एचडीएमआय एआरसी, म्हणजे डिजिटल आवाज बाहेर काढायच्या दोन जागा. पाचशे रुपयांत ऑप्टिकलचा कन्व्हर्टर आणला, जोडला, आवाज शून्य. दीड तास वायरी बदलल्या. मग धाकट्यानं शोधलं की टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम', म्हणजे साधा न दाबलेला आवाज, करावं लागतं. केलं, लागलीच बोलू लागला. आवाज मात्र आता टीव्हीच्या रिमोटनं कमी-जास्त होत नाही, उठून स्पीकरचा खटका फिरवावा लागतो. एवढं चालतं.

लाइटीबद्दल. दुकानदारानं अडीच हजारांचा स्टॅबिलायझर गळ्यात मारायचा प्रयत्न केला. टीव्हीच्या मागं १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. संध्याकाळी मोटारी सुरू झाल्यावर आमचा दाब उतरतो, तो टीव्ही निमूट सोसतो. भीती असते ती गेलेली लाइट परत येतानाच्या झटक्याची आणि वळवाच्या विजेची. आम्ही त्या पैशात सर्ज प्रोटेक्टर घेतला आणि अर्थिंग तपासलं. ते नव्हतंच! केबलची पिन लावताना बोटाला झिणझिण्या यायच्या, त्या त्यामुळेच असं वायरमननं सांगितलं. मागच्या अंगणात खड्डा करून कोळसा-मीठ घालून नवं घेतलं, झिणझिण्या गेल्या. आभाळ गडगडायला लागलं की प्लग काढतो आणि केबलची वायरही काढतो. तिला लोक विसरतात.

इन्व्हर्टरवर टीव्ही आरामात चालतो. लेबलवर ११० वॅट आहे, दिवसाला सहा तास धरले तरी महिन्याला वीस युनिटांच्या आत. पण लाइट गेली की टीव्ही बंद होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा, त्यात मिनिटभर जायचं. इन्व्हर्टरच्या मागं एक छोटं बटण असतं, ते 'यूपीएस'वर केलं, आता पापणीही लवत नाही. किती वर्षं ते बटण तिथं होतं!

इंटरनेटचा राऊटर माळवदाच्या जुन्या खोलीत आहे आणि मध्ये दोन फुटी दगडमातीची भिंत. वेगवान पाच गिगाहर्ट्झचा वाय-फाय तिला पार करत नाही. फोर-केला दर तासाला सात जीबीपर्यंत डेटा लागू शकतो, तो असा चाळणीतून कसा येणार. शंभर रुपयांची लॅन केबल ओढली, प्रश्न मिटला. २ नोव्हेंबरला महिलांच्या विश्वचषकाची फायनल हॉलमध्ये अठरा जण बसून बघितली. पावसामुळं सामना दोन तास उशिरा सुरू झाला, मध्यरात्र झाली, पण शेफालीची ८७ धावांची खेळी आणि दीप्तीच्या पाच विकेट या पडद्यावर बघताना ४६ हजारांची आठवण कुणाला आली नाही. एकच दुःख: आम्ही अ‍ॅपवर, शेजारी केबलवर. विकेट आधी भिंतीपलीकडून ऐकू यायची, अर्ध्या मिनिटानं आमच्याकडे पडायची.

फेब्रुवारीत डाव्या कोपऱ्यात खाली सावली धरली. मागचे दिवे गेले होते. तक्रार नोंदवली, माणूस नवव्या दिवशी संभाजीनगरहून आला, फोटो काढले आणि टीव्ही घेऊन गेला. परत आला तो आणखी अकरा दिवसांनी. वॉरंटीत पैसे लागले नाहीत, पण रोज फोन करावा लागला आणि प्रत्येक वेळी नव्या माणसाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. घेताना विचारायचं राहिलेलं हे आणखी एक: दुरुस्ती तालुक्यात होते की टीव्हीला प्रवास करावा लागतो. खोकं मी टाकलं नव्हतं म्हणून निभावलं.

त्या अकरा दिवसांत माळवदातला ३२ इंची पुन्हा हॉलमध्ये आला. मुलांना तो मोबाइलएवढा वाटायला लागला. आत्याबाई मात्र खूश. "ह्याचं बोलणं नीट ऐकू येतंय बघ." त्याचे स्पीकर समोर तोंड करून आहेत. चित्रही त्याच एसडी चॅनलचं, स्वच्छ. मोठा परत आल्यावर त्यांनी तो हलवू दिला नाही. आता तो दारापाशी त्यांच्या दिवाणासमोर स्टुलावर असतो, केबलचा जुना बॉक्स त्यालाच. मामांच्या बातम्या मोठ्यावर, कीर्तन छोट्यावर, आणि लाइट जाऊन कूलर थांबला की दोन्ही एकदम ऐकू येतात.