साडेचार महिने इसबगोल: औषध चोख, खोकं मात्र निकामी

काल रात्री इसबगोलचं सहावं खोकं काढलं तर आत नुसता गोळा. अर्धंही संपलेलं नव्हतं. चमचा घातला तर भुसा सुटा येईना, ओल्या रव्यासारखी ढेकळं निघाली. गरोदरपणाचा नववा महिना चालू आहे, बद्धकोष्ठता आहे, रात्री हे घेतलं नाही तर सकाळ अवघड जाते, आणि तेच फेकून द्यावं लागलं. म्हणून आज सगळं लिहून काढते.

चौथ्या महिन्यात माझं हिमोग्लोबिन 9.8 आलं. डॉक्टरांनी 100 मिलीग्रॅम लोहाची गोळी सुरू केली आणि पंधरा दिवसांत पोट पार आवळलं. तीन-तीन दिवस शौचाला होत नव्हतं, आणि झालं तर काळं, खडा. काळा रंग त्या गोळीमुळे येतो, हे आधी कुणी सांगितलं असतं तर एक अख्खी रात्र रडण्यात गेली नसती. थोडा त्रास गोळीच्या आधीपासूनच होता. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन वाढतं, आतडी सुस्तावतात, अन्न हळू पुढे सरकतं आणि तेवढ्या वेळात त्यातलं पाणी शोषलं जातं. लोहाने त्यात भर घातली.

लाजेपायी मी महिनाभर कुणाला बोलले नाही. कुंथताना रक्त दिसलं तेव्हा डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी रात्री दोन चमचे इसबगोल लिहून दिलं आणि बजावलं, "लोहाची गोळी मनाने बंद करायची नाही."

पहिला आठवडा इतका वाईट गेला की तेव्हा लिहिलं असतं तर एकच तारा दिला असता. पोट फुगलं, आणि चौथ्या दिवशी आधीपेक्षा घट्ट झालं. फोन केला तर डॉक्टरांनी एकच विचारलं, किती पाण्यातून घेतेस? मला पाण्याने मळमळायचं, म्हणून मी अर्धा कप दुधातून घेत होते. चूक तिथेच होती. इसबगोल पाणी धरून फुगतं, त्यानेच मळ मऊ होतो. पाणीच कमी पडलं तर ते आत घट्ट बसून राहतं.

तेव्हापासून पद्धत ठरली. मोठा पेला भरून कोमट पाणी, त्यात दोन चमचे, चटकन ढवळायचं आणि लगेच प्यायचं. मिनिटभर ठेवलं की त्याची बुळबुळीत खीर होते आणि घोट घशाखाली उतरत नाही. वरून आणखी एक पेला पाणी. तिसऱ्या दिवशी सकाळी कुंथायला न लागता पोट साफ झालं. बाहेर येऊन मी आधी नवऱ्याला मिठी मारली.

गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर मात्र पाळावं लागतं. लोह सकाळी अकराला लिंबूपाण्याबरोबर, कॅल्शियम दुपारी जेवणानंतर, इसबगोल रात्री साडेनऊला. सातव्या महिन्यात एवढ्याने भागेना, तेव्हा डॉक्टरांनी दहा दिवस लॅक्टुलोजचं, म्हणजे मळ मऊ करणारं, सिरप दिलं. गोडमिट्ट. गुण दुसऱ्या दिवशी आला, पण गॅस फार झाले. आत्याने एरंडेल सुचवलं होतं, त्याला डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं, त्याने कळा सुरू होऊ शकतात.

आता खोक्याबद्दल. पुण्यात होते तोवर काही वाटलं नाही. जुलैत माहेरी रत्नागिरीला आले आणि दोन खोकी वाया गेली. 100 ग्रॅम मला तीन आठवडे पुरतं, म्हणजे हे खोकं एकदा उघडून तीन आठवडे वापरायचं असतं, हे बनवणाऱ्याला ठाऊक असणारच. तरी आतली पिशवी कात्रीने कापायची आणि कापली की बंद करायची सोयच नाही. दीडशेच्या वर पैसे मोजायचे आणि वर रबर आपण शोधायचं! दोन रुपयांच्या शाम्पूच्या पुडीला कुणी झिप मागत नाही. पण पाण्यासाठी हपापलेल्या वस्तूला कोकणातल्या पावसात उघडं ठेवायचं? त्यात मापाचा चमचाही नाही. एकेका मात्रेची पाकिटं मिळतात, पण तेवढ्याच मालाला दुपटीहून जास्त पैसे पडतात. ते मी देणार नाही.

फुकटात मिळालेला एक उपाय सांगते. कमोडवर बसताना पायांखाली आईने जुने दोन पाट एकावर एक ठेवून दिले. गुडघे वर आले की बसणं उकिडव्यासारखं होतं आणि जोर लावावा लागत नाही. ऑनलाइन यासाठीच प्लॅस्टिकचं स्टूल विकतात, मी ते कार्टमधून काढून टाकलं. पाट फक्त ओले नसावेत, घसरतात.

औषधाला पाचपैकी पाच, खोक्यामुळे एक कमी. आज नवीन खोकं आणल्या आणल्या आईने ते कॉफीच्या रिकाम्या काचेच्या बाटलीत ओतून झाकण घट्ट लावलं. टाके पडले तर नंतरही पोट मऊ राहायला हवं आणि लोहाची गोळी तर चालूच राहणार, म्हणून डॉक्टरांनी बाळंतपणानंतरही हे घ्यायला सांगितलंय. बाटली आणि एक स्टीलचा चमचा दवाखान्याच्या पिशवीत दुपट्यांशेजारी ठेवलाय.