पुंटो इव्हो ९० एचपी, सोलापुरात : इंजिन स्वस्त, दिवा महाग

गाडी २०१५ ची. फियाट पुंटो इव्हो स्पोर्ट, १.३ मल्टिजेट डिझेल, ९० एचपीवाली. पुण्याच्या पहिल्या मालकाकडून घेतली, एमएच-१२ पासिंग, सौदा अडीच लाखांच्या जरा आत बसला. आमच्याकडे येऊन आता वर्ष होत आलं. सोलापूरचा एक अख्खा उन्हाळा, एक पावसाळा आणि गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वरच्या जत्रेची गर्दी एवढं काढून झालंय, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

हातात तीन लाख होते, पण तीन लाखांची गाडी घ्यायची नव्हती. जुनी गाडी घेताना रुपयातले चार आणे दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायचेच, आणि चालवायला मजा येणारी घ्यायची असेल तर जरा जास्तच. यादीत आधी होंडा सिटी व्हीटेक होती, २००० ते २००३ ची. इंजिन लाजवाब, पण आता त्या सगळ्याच गाड्या पंधरा वर्षांच्या पुढे गेल्यात, म्हणजे फेरनोंदणी आली आणि त्यासोबतच्या आरटीओच्या चकरा आल्या. पोलो जीटी टीएसआय मन खेचते, पण तिचा सात गिअरचा डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, रुसला तर खर्चाचा आकडा ऐकूनच घाम फुटतो. फोर्ड फिगो १.५ डिझेल, १०० पीएस आणि २१५ न्यूटन मीटर, ही खरी टक्कर होती. आपल्या बजेटमध्ये नीट ठेवलेली मिळाली असती तर कदाचित तीच घेतली असती. अबार्थ पुंटो, १४५ एचपीवाली, हे स्वप्नच राहू दे. ज्यांच्याकडे आहे ते विकत नाहीत, आणि विकणारे सांगतील त्या किमतीत नवी रिक्षा आणि वर पेट्रोल येईल.

शेवटी पुंटो घेतली ती अण्णांमुळे. अण्णा म्हणजे आमचे पूर्व भागातले मिस्त्री. शटरच्या आत दोन गाड्या मावतात, तिसरी रस्त्यावर. त्यांना नाव सांगितलं तर म्हणाले, "सर, इंजिन स्विफ्टचंच की हो. त्याला काय भ्यायचं? काचा-दिवे तेवढे जपा."

ते वाक्य तेव्हा मी हसण्यावारी नेलं नाही, आणि सगळ्या खर्चाची मेख तिथंच आहे. हे १.३ मल्टिजेट एके काळी देशभर पळत होतं. मारुतीच्या स्विफ्ट, डिझायर, रिट्झमध्ये, टाटाच्या व्हिस्टा आणि मांझामध्ये, आणि फियाटच्या स्वतःच्या पुंटो-लिनियात. १ एप्रिल २०२० ला धुराचे बीएस-सिक्स नियम आले आणि हे इंजिन बंद झालं, पण रस्त्यावर इतक्या गाड्या आहेत की फिल्टर, सेन्सर, ग्लो प्लग यासाठी सोलापूरच्या बाहेर जावं लागत नाही. एक फरक मात्र ध्यानात ठेवा. स्विफ्टमधलं ७५ पीएसचं, साध्या टर्बोचं. आपलं नावाला ९० एचपी, कागदावर ९३ पीएसचं, व्हीजीटी टर्बोचं, म्हणजे आतली पाती गरजेप्रमाणे वळणाऱ्या टर्बोचं. टर्बोच्या अंगानं काही हवं असेल तर स्विफ्टचं नको, एसएक्स-फोर, ९० पीएसची एर्टिगा, मांझा नाहीतर लिनिया यांच्याकडे बघायचं. काउंटरवरचा पोरगा "सेमच आहे" म्हणतो. सेम नसतं.

गाडी बघायला गेलो तेव्हा अण्णांना सोबत नेलं. जाण्यायेण्याचं डिझेल आणि त्यांची दिवसाची मजुरी, पण वसूल. आदल्या दिवशीच मालकाला फोन करून सांगितलं होतं की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. अण्णांनी पोचल्या पोचल्या बॉनेटवर तळहात ठेवला, थंड होतं, मान हलवली. मग चावी फिरवायला सांगून स्वतः पुढे वाकून उभे राहिले. या इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. म्हणजे ठराविक किलोमीटरला बेल्ट बदलण्याचा खर्च नाही, पण ऑइल वेळेवर बदललं नसेल तर चेन सैल होते आणि थंड इंजिन चालू होताना खळखळते. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चेनकव्हरला आणि मूठ कानाला लावून ते बराच वेळ ऐकत राहिले. नंतर ऑइलचं झाकण काढून त्या तोंडावर हात धरला, धूर जोरात मारतोय का ते बघायला. मालक बिचारा चहा घेऊन उभाच.

बाकीची तपासणी मी केली. टायरवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, मागचे दोन्ही टायर २०१७ चे निघाले. प्रत्येक काचेवरचं वर्ष जुळवलं. पेडलचं रबर आणि स्टिअरिंगचं चामडं किलोमीटरच्या मानाने झिजलंय का ते पाहिलं. चलनं ऑनलाइन तपासली आणि दोन थकलेली होती, ती सौद्याआधीच भरून घेतली. टायरचे म्हणून किंमत थोडी खाली आली.

कागदांचं थोडक्यात सांगतो. पुण्याच्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत, मग गाडी नावावर करायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म इकडे. कर्ज असलेली गाडी असेल तर कर्जाचा बोजा उतरवायचा ३५ नंबरचा फॉर्म आणि बँकेचं पत्र आधी मागा, "नंतर देतो" चालवून घेऊ नका. विमा चौदा दिवसांच्या आत नावावर करायचा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे त्याच्यापेक्षा तुमचा हप्ता जास्तच येणार. नुसता थर्ड पार्टी या सीसीला ३,४१६ रुपये अधिक जीएसटी, मी पूर्ण घेतला. हाय सिक्युरिटी नंबरप्लेट नव्हती, ती ७४५ अधिक जीएसटी. आणि फास्टॅग! जुना टॅग काचेवर तसाच राहिला तर सावळेश्वरच्या टोलवर पैसे पुण्याच्या माणसाचे कापले जातात आणि फोन तुम्हाला येतो.

आता पैशाकडे येऊ. घेतल्या घेतल्या सगळे फिल्टर, कूलंट आणि ५डब्ल्यू-४० सिंथेटिक ऑइल, सात हजारांच्या घरात. ऑइल तीन लिटरच्या आसपासच लागतं, त्यामुळे इथं कंजुषी करू नये. कंपनीचं अंतर पंधरा हजार किलोमीटर होतं, अण्णा साडेसात-आठ हजारावर बदलतात आणि मीही त्याच मताचा आहे. चार टायर, १९५/५५ आर १६, सव्वीस हजार. स्पोर्टची ही सोळा इंची चाकं दिसायला झकास, पण खिशाला जड आणि जुळे सोलापूरच्या आतल्या रस्त्यांवर कमरेलाही. पंधरा इंची चाकांची पुंटो मिळाली तर उगाच नाक मुरडू नका. बॅटरी सहा हजार. पुढचे लोअर आर्म, लिंक रॉड आणि अलाइनमेंट मिळून बारा हजार. दहा वर्षांच्या गाडीला हे होणारच, आणि आपल्याकडचे स्पीडब्रेकर बघता जास्तच. इंटरकूलरचा पाइप चिरला होता, ओढ कमी आणि काळा धूर यावरून कळलं. तो आणि ईजीआरची (धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) सफाई साडेतीन हजारांत झाली.

एसीची कथा वेगळी. एप्रिलमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे गेला आणि गार हवा बंद. कूलिंग कॉइल गळत होती. कॉइल डॅशबोर्डच्या पोटात असते, म्हणजे अख्खा डॅशबोर्ड उतरवायचा. आधी एका गॅरेजने नुसता गॅस भरून दिला होता, तो दहा-बारा दिवसांत उडाला. गळती शोधल्याशिवाय गॅस भरणाऱ्याला पैसे देऊ नयेत. दुसऱ्या एसीवाल्याने सकाळी सुरुवात केली. प्रत्येक स्क्रू कुठला ते लक्षात राहावं म्हणून त्याने पुठ्ठ्यावर डॅशबोर्डचं चित्र काढलं आणि ज्या त्या जागी स्क्रू खोचून ठेवला. ते बघूनच अर्धी काळजी गेली. संध्याकाळी गाडी जोडली तेव्हा एकही स्क्रू उरला नाही आणि डॅशबोर्ड आजही करकरत नाही. कॉइल, गॅस, मजुरी धरून अकरा हजार.

आणि मग दिवा. गड्ड्याच्या दिवसांत होम मैदानाकडच्या गर्दीत एका दुचाकीच्या हँडलने डावा हेडलाइट फोडला. माणूस माफी मागून गेला, बंपरला ओरखडाही नाही. म्हटलं, दिवाच आहे, दोन दिवसांत होईल. सोलापुरात नाही. पुण्यात नाना पेठेत फोन केले, तिथं ग्रँड पुंटोचे, म्हणजे इव्होच्या आधीच्या पुंटोचे दिवे होते, पण इव्होचा आकारच वेगळा, तो बसत नाही. फियाटने इथल्या गाड्या बंद करून आता काही वर्षं झाली. इंजिन इतक्या कंपन्यांनी वापरलं, हा दिवा नाही. तीन आठवडे एका डोळ्याने रात्रीचा प्रवास टाळत फिरलो. शेवटी एका अपघातात मागून चेपलेल्या इव्होचा दिवा मिळाला, जुना, काच जरा पिवळट, सहा हजार आणि वर पार्सलचा खर्च. पॉलिश करून लावला. जो वस्तू जपून ठेवतो तो सांगेल ती किंमत, असा हा बाजार आहे.

असे सगळे मिळून विमा-डिझेल सोडून सत्तर हजारांच्या वर गेले. यातले टायर, बॅटरी, एसी यांचे पैसे दरवर्षी लागणार नाहीत. क्लच मात्र पुढच्या वर्षी मागेल, त्याची सोय करून ठेवलीय.

मग मिळतं काय? शहरात खरं सांगायचं तर फारसं काही नाही. दोन हजार आरपीएमच्या खाली गाडी झोपलेली, क्लच जड, डाव्या पायाला टेकायला जागा नाही. नवी पेठेत शनिवारी संध्याकाळी घेऊन गेलात तर घरी येऊन पाय चोळत बसाल. बायकोने एकदा चालवली आणि चावी परत दिली, "तुमची तुम्हाला लखलाभ." पण विजापूर रोडला शहर मागे पडलं, तिसरा टाकला आणि काटा दोन हजारावर गेला, की २०९ न्यूटन मीटर एकदम पाठीत बसतात. स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे, रस्ता तळहाताला कळतो. शंभरच्या वेगाला वळणात गाडी डुलत नाही, ट्रकच्या वाऱ्याने हलत नाही. जमिनीपासून उंची १८५ मिलिमीटर, त्यामुळे हुरड्याला शेतात नेली तरी पोट घासत नाही. हायवेला एकोणीसपर्यंत देते, गावात चौदा-पंधरा.

एवढंच की तिला अधूनमधून मोकळी पळवावी लागते. नुसती शाळा-मंडई केली तर व्हीजीटीत काजळी धरते. अण्णांचं औषध साधं आहे : आठवड्यातून एकदा मोहोळपर्यंत जाऊन या, चौथ्यात ठेवा, तीन हजाराच्या वर. घरात मी हे डॉक्टरने सांगितल्यासारखं सांगतो.

आपल्या गावात कोण घेऊ शकेल? ज्याच्या घरी दुसरी गाडी किंवा निदान स्कूटर आहे, आणि ज्याचा मिस्त्री हे इंजिन ओळखतो. रोज ऑफिसला जायला एकच गाडी असेल तर स्विफ्ट डिझेल घ्या, इंजिनाचं कुळ तेच आणि दिवे कोपऱ्यावर मिळतात. आणि पुंटोच घेणार असाल तर घेतानाच काचा, दिवे, आरसे, दाराची हँडलं एक एक करून हलवून बघा. मोडकं असेल तर इंजिनापेक्षा त्याचे पैसे जास्त कापून घ्या.

माझ्याकडे सध्या उजव्या आरशाचं मागचं कव्हर राहिलंय. इव्होचं, रंग कुठलाही चालेल. सोलापूर, पंढरपूर, धाराशिव या बाजूला कुणाच्या गॅरेजात पडलं असेल तर भंगारात घालू नका, मी येऊन घेऊन जाईन.